दुखणे आमचे, तक्ता त्यांचा!

रुग्णालयातील खाटेच्या पायथ्याशी टांगलेल्या तक्त्याकडे आपण फारसे लक्ष देत नाही. ताप किती, नाडी किती, श्वास किती, रक्तदाब किती, एवढे आकडे परिचारिका दर काही तासांनी त्यावर लिहून जाते. आणि आजाऱ्याचे नातलग ते पाहून कधी सुटकेचा निःश्वास टाकतात, तर कधी देवाचे नाव घेतात. सीमाप्रश्नाच्या धामधुमीत या कागदाला स्थान ते कोठले, असे कोणी विचारील. तथापि आमचे स्पष्ट मत असे आहे की, दुकानावरील पाटी आणि बसवरील फलक यांच्या भाषेवरून आजवर जेवढी झुंज झाली, तेवढीच, किंबहुना अधिक निकराची झुंज या तक्त्याच्या भाषेसाठी झाली पाहिजे. पाटी वाचता आली नाही तर मनुष्य वाट चुकतो. तक्ता चुकला तर मनुष्य जिवाला मुकतो.

प्रथम या तक्त्याचे शास्त्र समजून घेऊ. प्रौढ निरोगी माणसाचा ताप साधारण ९८.६ अंश, नाडी मिनिटाला ६० ते १००, श्वास मिनिटाला १२ ते २०, आणि रक्तदाब १२० वर ८० च्या आसपास असतो. या चार गोष्टी जीविताची मुख्य लक्षणे म्हणून जगभर नोंदल्या जातात. तापमापकाला भाषा नाही. मनगटावर तीन बोटे ठेवून घड्याळ पाहणाऱ्या परिचारिकेला रोग्याची मातृभाषा ठाऊक असण्याची गरज नाही. पारा कन्नड जाणत नाही आणि मराठीही जाणत नाही. येथवर आमची काहीच तक्रार नाही.

परंतु या चारांच्या पंक्तीला एक पाचवे लक्षण येऊन बसले आणि तेथे सारा न्याय बदलला. ते पाचवे लक्षण म्हणजे वेदना. १९९५ च्या सुमारास अमेरिकेतील वेदनातज्ज्ञांनी अशी मागणी केली की, नाडी आणि ताप यांच्याप्रमाणे वेदनाही प्रत्येक रोग्याला नियमाने विचारावी व लिहून ठेवावी. पुढे तेथील माजी सैनिकांच्या रुग्णालयांनी ती स्वीकारली, रुग्णालयांच्या मान्यतेच्या नियमांत ती शिरली, आणि शून्यापासून दहापर्यंतची वेदनेची पट्टी जगभरच्या वॉर्डांत पोहोचली. आपल्याकडील परिचर्येच्या विद्यार्थिनींनाही ती शिकविली जाते.

आता प्रश्न असा की, वेदना मोजावयाची कशाने? तिला पारा नाही, काटा नाही, नळी नाही. मार्गो मॅकॅफरी या अमेरिकन परिचारिकेने १९६८ साली सांगितलेले तत्त्व आज परिचर्याशास्त्राचा पाया मानले जाते: रोगी सांगेल ती वेदना, आणि तो सांगेल तेव्हा ती आहे. वेदनेच्या अभ्यासासाठी स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९७९ साली केलेली वेदनेची व्याख्या २०२० साली सुधारली, तेव्हा तीतही रोग्याच्या स्वतःच्या सांगण्याचा आदर करावा असे आवर्जून नमूद केले. म्हणजे चार लक्षणांचे मापन यंत्र करते, पाचव्याचे मापन रोग्याची जीभ करते. जीभ हेच जेथे यंत्र, तेथे त्या जिभेची भाषा ज्याला येत नाही त्याच्या हाती मोडका तापमापक आहे असेच म्हणावे लागेल. मोडक्या तापमापकाने ताप पाहणाऱ्या रुग्णालयाला सरकार जाब विचारील. मग मराठी न जाणणाऱ्या नोंदपत्रकाने मराठी माणसाची वेदना मोजणाऱ्या व्यवस्थेला जाब कोणी विचारावयाचा?

कोणी म्हणेल, दुखते एवढे कळले म्हणजे झाले. त्यासाठी भाषा कशाला? कॅनडातील मॉन्ट्रियल येथील मॅकगिल विद्यापीठाचे रोनाल्ड मेल्झॅक यांनी १९७५ साली जी वेदनेची प्रश्नावली प्रसिद्ध केली, ती या आक्षेपाला खणखणीत उत्तर आहे. त्यांनी रोग्यांच्या तोंडचे शब्द गोळा केले, त्यांतील ७८ शब्द निवडून २० गटांत लावले, आणि दाखवून दिले की दुखण्याची जात शब्दावरून ओळखता येते. शिरेचे दुखणे एक शब्द मागते, सांध्याचे दुसरा, दाताचे तिसरा. पुढे ही प्रश्नावली अन्य भाषांत नेताना शहाण्या संशोधकांनी कोश उघडून शब्दाला शब्द ठेवला नाही. १९८१ साली फिनलंडमध्ये झाले त्याप्रमाणे, आपल्या भाषेतील माणसे दुखताना काय म्हणतात ते शोधून आपली स्वतंत्र यादी केली. कोट्यवधींची आपली मराठी. आणि फिनिश बोलणारे पन्नास-साठ लाखांच्या घरातले!

आणि आपल्या मराठीला या बाबतीत काय उणे आहे? दाढ ठणकते, गळू ठसठसते, छातीत जळजळते, बरगडीत चमक भरते, पोटात कळ येते, आमांश झाला की मुरडा येतो, पोटरीला पेटका येतो, कमरेत उसण भरते, डोळा चुणचुणतो, सोललेली कातडी हुळहुळते, हातापायांना मुंग्या येतात. हे एकाच दुखण्याचे अकरा पर्याय नव्हेत; ही अकरा वेगळी दुखणी आहेत आणि जाणत्या डॉक्टरला यांतील प्रत्येक शब्द वेगळ्या दिशेला बोट दाखवितो. ठसठस म्हटले की पू आठवावा, मुंग्या म्हटले की मज्जातंतू आठवावा. 'पोटात कळ येते' आणि 'कळा सुरू झाल्या' या दोन वाक्यांत अक्षराचा फरक केवढा? एका कान्याचा. पण पहिल्यात पोटशूळ आहे आणि दुसऱ्यात प्रसूती. नऊ महिने भरलेली लेक हे दुसरे वाक्य बोलली आणि नोंद झाली 'पोटात दुखते' एवढीच, तर त्या एका कान्याची किंमत कोण भरणार?

याहून गंभीर प्रकार हृदयविकाराचा. वैद्यकाचा प्रत्येक विद्यार्थी शिकतो की, हृदयाला रक्त कमी पडले म्हणजे अनेकांना दुखत नाही, दडपण वाटते. आपला शेतकरी अशा वेळी म्हणतो, 'छाती भरून आली', 'छातीवर धोंडा ठेवल्यागत वाटते', 'जीव घाबरा होतो'. अशा माणसाला परक्या भाषेत दोनच शब्दांत विचारले, 'दुखते का?', तर तो प्रामाणिकपणे मान हलवून 'नाही' म्हणेल. तक्त्यावर वेदनेच्या घरात शून्य लिहिले जाईल. जीव घाबरा होणे याचा शब्दशः अर्थ लावून कोणी 'रोगी भ्याला आहे' असे समजले, तर त्याला धीर देऊन निजविले जाईल. शून्याचा हा आकडा नियमात चोख बसतो, आणि तो साफ खोटा असतो.

फ्लॉरेन्स नाइटिंगेलने १८५९ साली लिहिलेल्या परिचर्येवरील पुस्तकात रोग्याला कसे विचारावे याविषयी कडक ताकीद दिली आहे. उत्तर आधीच तोंडात घालणारे प्रश्न विचारले की माहिती चुकीचीच मिळते, असे तिचे सांगणे होते. रात्र बरी गेली का, असे मोघम विचारू नये. किती तास झोप लागली, कोणत्या वेळी लागली, असे विचारावे. आता सांगा, ज्या परिचारिकेला रोग्याच्या भाषेतील दहाच शब्द येतात, तिला 'हो की नाही' यापलीकडचा प्रश्न विचारता येईल काय? ती दोषी नाही. तिला दिलेल्या शिक्षणाने आणि तिच्या हाती ठेवलेल्या कागदाने तिचे हात बांधले आहेत.

वेदनेपलीकडे आणखी एक कोष्टक आहे आणि तेथे तर भाषा प्रत्यक्ष गुणांत मोजली जाते. डोक्याला मार लागलेल्या रोग्याची शुद्ध किती आहे हे ठरविण्यासाठी ग्लासगो येथील टीसडेल आणि जेनेट या दोघा शल्यविशारदांनी १९७४ साली एक मापनपद्धती दिली. डोळे उघडण्याला जास्तीत जास्त ४ गुण, हालचालीला ६, बोलण्याला ५. एकूण १५, आणि कमीत कमी ३. बोलण्याचे पाच गुण कसे द्यावयाचे? नाव, ठिकाण, महिना बरोबर सांगितला तर ५. बोलणे गोंधळलेले असेल तर ४. असंबद्ध शब्द असतील तर ३. अर्थ न लागणारे नुसते आवाज असतील तर २. आता खानापूर तालुक्यातील एखादा वृद्ध मोटारीखाली सापडून दवाखान्यात आला असे समजा. महिना कोणता, असे विचारल्यावर तो म्हणतो, 'आखाड सरत आला.' हे उत्तर पुऱ्या पाच गुणांचे आहे. पण ऐकणाराला आखाड म्हणजे आषाढ हे ठाऊक नसेल तर त्याच्या लेखी हा गोंधळ ठरतो; आणि मराठी मुळीच ठाऊक नसेल तर हे आवाजही ठरू शकतात. या पद्धतीचा नियम असा की, भाषेची अडचण असेल तेथे गुण न देता 'तपासता आले नाही' अशी नोंद करावी. नियम प्रामाणिक आहे. पण त्याचा अर्थ नीट पाहा. ज्याच्या घशात नळी घातली आहे, ज्याला बोलताच येत नाही, त्याच्यासाठी जी नोंद, तीच शुद्धीवर असलेल्या आणि खणखणीत मराठी बोलणाऱ्या माणसासाठी! आपल्याच गावच्या दवाखान्यात आपण मुके ठरतो.

या तक्रारीला ठराविक उत्तरे मिळतात. पहिले उत्तर असे की, नातलग असतातच की दुभाषी म्हणून. असतात, दिवसा असतात. रात्री दोन वाजता वॉर्डात कोण असते? आणि असले तरी, आईच्या गर्भाशयाचे दुखणे तिच्या मुलाने परक्या भाषेत सांगावे, सासूसमोर सुनेने आपली पाळीची तक्रार उघड करावी, ही अपेक्षा कोणत्या सभ्यतेत बसते? नातलग लाजेने गाळतो, प्रेमाने वाढवितो, घाईने एका शब्दात उरकतो.

दुसरे उत्तर असे की, शून्य ते दहा हा आकडा तर सर्वांना कळतो. आकड्यावर विसंबण्याचा परिणाम ज्यांनी ही पद्धत काढली त्यांनीच भोगला आहे. अमेरिकेत वेदनेचा आकडा खाली आणण्याच्या नादात अफूवर्गीय औषधांचा अतोनात वापर झाला, त्यास या धोरणाने हातभार लावला अशी टीका झाली, आणि २०१६ साली तेथील वैद्यकांच्या मोठ्या संघटनेने वेदनेला पाचवे लक्षण म्हणणे सोडून द्यावे असा ठराव केला. वेदना विचारणे चूक नव्हते. आकडा लिहून मोकळे होणे चूक होते. दहापैकी सात म्हणजे काय, हे सातशे वेळा विचारूनही समजत नाही. 'उजव्या कुशीतून जांघेकडे कळ जाते' हे एकदा ऐकले की मूतखड्याची शंका येते. शिवाय आकडाही भाषेतच असतो. आपल्या खेड्यातील जुनी माणसे आजही 'बारा आणे बरे वाटते', 'चार आण्यांचा फरक पडला' असे सांगतात. सोळा आण्यांची पट्टी ज्याच्या डोक्यात, त्याला दहाची पट्टी परक्या भाषेत विचारून कोणते सत्य हाती लागणार?

तिसरे उत्तर अर्थातच राजकीय आहे: राज्याची भाषा कन्नड आहे, ती शिका. येथे आम्हांला अगदी मोकळेपणाने बोलावयाचे आहे. कन्नड भाषेशी आमचे वैर नाही. 'नोवु' म्हणणाऱ्या माणसाचे दुखणे 'दुखते' म्हणणाऱ्याच्या दुखण्याहून तसूभरही हलके नाही. अक्कलकोट आणि जत तालुक्यांतील कन्नडभाषी म्हातारीला महाराष्ट्रातील दवाखान्यात तिच्या शब्दांत विचारले गेले पाहिजे, हे आम्ही जितक्या आवाजात बेळगावबद्दल म्हणतो, तितक्याच आवाजात म्हणतो. बेळगाव, निपाणी, खानापूर येथील कितीतरी कन्नड परिचारिका स्वतःच्या भलेपणाने मराठी बोलतात, शिकून घेतात. त्यांना आमचा नमस्कार असो. परंतु भलेपणावर चालणारी गोष्ट ही भीक असते, हक्क नसतो. ती भली बाई बदलून गेली, तिची पाळी संपली, की रोगी पुन्हा मुका.

हक्काची गोष्ट निघालीच आहे तर राज्यघटना उघडू. तिच्या ३५० व्या अनुच्छेदाने प्रत्येक व्यक्तीला आपल्या गाऱ्हाण्याच्या निवारणासाठी केंद्राच्या अगर राज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्याकडे, त्या त्या ठिकाणी वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत निवेदन करण्याचा हक्क दिला आहे. भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षणासाठी केंद्र सरकारने १९५६ साली संसदेपुढे जे निवेदनपत्र ठेवले, त्यात जेथे अल्पसंख्य भाषिक १५ ते २० टक्के असतील अशा जिल्ह्यांत, तालुक्यांत वा नगरपालिकांत महत्त्वाच्या सरकारी सूचना व नियम त्यांच्या भाषेतही प्रसिद्ध करणे हिताचे मानले आहे. जमिनीच्या उताऱ्याचे गाऱ्हाणे मराठीत मांडण्याचा हक्क घटना देते. मग पोटाच्या तक्रारीचे काय? घटनाकारांना खाटेवरचा रोगी डोळ्यांसमोर नसेल. पण ज्या भाषेत मनुष्य दाद मागतो ती त्याची स्वतःची असावी, हे तत्त्व सरकारी दवाखान्याच्या दारात थांबते, असे कोणता न्यायी माणूस म्हणेल?

हे केवळ आमचेच हट्टाचे म्हणणे आहे असेही नाही. कॅनडाच्या ओंटॅरिओ प्रांतात इंग्रजी बहुसंख्य, फ्रेंच अल्पसंख्य. राजधानी ओटावातील माँफोर्त हे रुग्णालय फ्रेंच भाषेतून उपचार करणारे आणि फ्रेंचमधून वैद्यकीय शिक्षण देणारे. १९९७ साली काटकसरीच्या नावाखाली ते बंद करण्याची शिफारस झाली. फ्रेंच भाषिक हजारोंच्या संख्येने जमले, जिझेल लालोंद या बाईंनी लढ्याचे नेतृत्व केले, प्रकरण न्यायालयात गेले आणि २००१ साली प्रांताच्या अपील न्यायालयाने रुग्णालय वाचविले. अल्पसंख्य समाजाच्या भाषेतील संस्था मोडताना केवळ हिशेबाची वही पाहून चालत नाही, हे त्या निकालाचे सार आहे. त्या लोकांनी प्रांताची सीमा हलविली नाही. पण आजाऱ्याच्या उशाशी आपली भाषा टिकवून धरली.

आता दोन शब्द महाराष्ट्र सरकारला. २०२३ साली आपल्या सरकारने ८६५ सीमागावांना महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेचा लाभ देण्याचे ठरविले आणि कर्नाटकाने त्यावर आदळआपट केली. निर्णय योग्यच होता. पण योजना बिल भरते. कोठे दुखते हे विचारीत नाही. ते विचारणारा कागद तयार करण्याचे काम मुंबईने करावयाचे आहे, आणि तो करताना एक पथ्य पाळावयाचे आहे. परिभाषेच्या नावाखाली संस्कृतातून जोडलेले, खुद्द मराठी माणसालाच धडकी भरविणारे शब्द त्यात नकोत. 'वेदनेची तीव्रता निर्दिष्ट करा' असे विचारल्यावर आमच्या माउलीला कन्नडइतकेच परके वाटेल. 'ठणकतंय, की जळतंय? एकसारखं, की राहून राहून? झोप मोडते का?' हेच शास्त्रशुद्ध मराठी. रोग्याच्या तोंडी जो शब्द आहे तोच येथे पारिभाषिक शब्द होय.

म्हणून आमच्या मागण्या मोजक्या आणि रोखठोक आहेत. सीमाभागातील प्रत्येक सरकारी दवाखान्यात कन्नड आणि मराठी अशा दोन्ही भाषांत वेदनेच्या शब्दांची एक पानी यादी प्रत्येक वॉर्डात लावावी. बोलता न येणाऱ्यांसाठी आणि लहान मुलांसाठी चेहऱ्यांच्या चित्रांची पट्टी तिच्यासोबत असावी. नोंदपत्रकात रोग्याचा मूळ शब्द जसाच्या तसा लिहिण्यासाठी एक रकाना असावा. मग डॉक्टर कोणत्याही प्रांताचा असो, विचारून खात्री करून घेऊ शकेल. शुद्धीची तपासणी रोग्याच्याच भाषेत व्हावी आणि महिना सांगताना देशी महिनाही ग्राह्य धरावा. सीमाभागातील परिचर्या महाविद्यालयांत शिकणाऱ्या प्रत्येक मुलीला, ती कन्नड असो की मल्याळी, रोग्याशी बोलण्यापुरते मराठी शिकविले जावे. आणि मराठी मुलींना तितकेच कन्नड. शेवटची मागणी आमच्याच लोकांकडे आहे. मराठी डॉक्टर, परिचारिका, शिक्षक आणि युवक मंडळे यांनी एकत्र बसून आपल्या तालुक्यातील दुखण्याचे शब्द गोळा करावेत. चंदगडच्या कडेचा शब्द निराळा असेल, कारवारचा निराळा, भालकीचा निराळा. हे काम सरकारच्या परवानगीवाचून, उद्या सकाळी सुरू होऊ शकते.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी रेघ ओढली गेली. महाजन आयोगाचा अहवाल १९६७ साली आला आणि अन्याय तसाच राहिला. महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. न्यायालयाचा निकाल लागेल तेव्हा लागेल, आणि तोवर आमचा लढा एक पाऊलही मागे हटणार नाही. परंतु दुखणे तारखेसाठी थांबत नाही. आज रात्रीही सीमाभागातील कोणत्या तरी वॉर्डात एक म्हातारी कण्हत असेल, आणि तिला नेमके काय होते आहे हे तिला पुरते ठाऊक असेल. ते ऐकून घेणारा कान तिला मिळवून देणे, हे काम आता चळवळीच्या पहिल्या मागण्यांत आले पाहिजे.